हवा गेली तरी चालणारे टायर

इंदूरजवळ राऊला मी शिकवते त्या कॉलेजातून त्या दिवशी मी जरा लवकर घरी आले, तर आमच्या फाटकासमोर एक लालभडक, दोन दारांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार उभी. तिच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून आमचे घरमालक अप्पासाहेब जगदाळे हवा मोजत होते. हवा मोजण्याचं मला नवल नव्हतं. पण ती गाडी! मी स्कूटर बंद केली, चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"मॅडमजी, बघून घ्या," गुडघे झटकत ते उठले. "आपलीच आहे."

मला वाटलं, ह्यांना ऊन लागलं.

कारण अप्पासाहेबांना ओळखणारा कुणीही असंच म्हणाला असता. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, आणि ते स्वतः पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. लालबागेच्या मागच्या बाजूला त्यांचं दुमजली घर आहे. वर मी भाड्यानं राहते, खाली ते आणि इंदिराकाकू. पायजमा, बनियन, आणि खिशात कायम हवा मोजायचा गेज. लोक खिशात पेन ठेवतात, हे गेज ठेवतात. कॉलनीत कुणाचीही गाडी उभी दिसली की हे वाकलेच, आणि इंदुरी ढंगात सांगायचे, "भिया, मागच्या डाव्यात हवा कमी आहे, भरून घ्या." एकदा तर नवरा-नवरीची फुलांनी सजवलेली गाडी ह्यांनी हात दाखवून थांबवली होती. बँडवाले बिचारे तोंडाला पिपाण्या लावून तसेच उभे, नवरी रडायची थांबली, आणि हे मात्र शांतपणे चारही चाकं तपासत होते. मुलं त्यांना 'हवा अंकल' म्हणतात. मी मूळची सांगलीची, मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवते, आणि मला भोचकपणाचा भयंकर राग आहे. तरी इतक्या वर्षांत ह्या माणसावर मला कधी नीट चिडता आलं नाही.

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक म्हातारी फियाट. तिच्यात एक नाही, दोन स्टेपन्या. एक डिकीत आणि दुसरी टपावर दोरीनं बांधलेली. भाजीची पिशवी मांडीवर घ्यायची, पण स्टेपनी हलवायची नाही. इंदिराकाकू त्या गाडीतून कुठंही जायच्या नाहीत. उज्जैनला जायचं तर बसनं, देवासला भाचीकडं जायचं तर रेल्वेनं. अप्पासाहेब त्यांना स्टेशनवर सोडायलासुद्धा रिक्षा बोलवायचे. डिकीत जागा नाही म्हणून काकू वैतागल्या असतील, असं मी आपलं धरून चालले होते.

तर ही लाल गाडी होती यशवर्धनची, म्हणजे अप्पासाहेबांच्या पुतण्याची. तो नोकरीसाठी परदेशी निघाला आणि गाडी काकांच्या नावावर करून गेला. काका महिन्याभरात विकून टाकतील, असाच सगळ्यांचा हिशेब. अप्पासाहेबांचाही तोच होता. पण इंदिराकाकू गाडी बघायला फाटकापर्यंत आल्या, दोन्ही दारं उघडून आत डोकावल्या, आणि म्हणाल्या, "ह्यात बसेन मी. महेश्वरला जाऊ आपण."

मी तिथंच होते. अप्पासाहेबांच्या हातातून गेज पडला. कधी कुणाचा चेहरा असा झालेला मी पाहिलेला नव्हता. आनंद म्हणावा तर भीती जास्त दिसत होती. "इंदिरा, तू? माझ्याबरोबर?" एवढंच ते म्हणाले, आणि लगेच पाठ फिरवून चाकाकडं वाकले. नंतर जिन्यात मला गाठून त्यांनी सांगितलं, की लग्नानंतरची पहिली काही वर्षं सोडली तर इंदिराबाई त्यांच्या गाडीत बसून शहराबाहेर कधीच गेलेल्या नाहीत. चाळीस वर्षं होत आली. मी हादरले. एकाच घरात, एकाच चहाच्या किटलीतून चहा पिणारी ही दोन माणसं, आणि चाळीस वर्षं एका गाडीत बसली नाहीत?

"का पण?" मी विचारलं.

"तिची मर्जी," ते म्हणाले. "आता म्हणतेय ना, की बसते. मला हे मिस नाही करायचं, मॅडमजी. बिलकुल नाही."

प्रश्न टायरचा आला तो इथून. गाडीचे जुने टायर गुळगुळीत झाले होते, ते बदलल्याशिवाय महेश्वरच काय, महूपर्यंत जाणंही शहाणपणाचं नव्हतं. आणि ह्या गाडीला स्टेपनी नाही. ठेवायला जागाच नाही. ती कंपनीतून येते तीच रन-फ्लॅट टायर घालून. ह्या टायरच्या बाजूच्या भिंती इतक्या जाड आणि कडक असतात, की पंक्चर होऊन सगळी हवा गेली तरी तो जमिनीवर बसत नाही. गाडीचं वजन त्या भिंतींवर पेलत, वेग आवरून, ऐंशीएक किलोमीटर आरामात नेतो. ऐकायला फार छान. पण तोच कडकपणा एरवी चांगल्या हवेतही जाणवतो. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक स्पीड ब्रेकर तो तुमच्या पाठीत पोचवतो. साधा टायर मऊ चालतो, झटका पोटात घेतो. फक्त पंक्चर झाला की खाली बसतो आणि तुम्हीही बसता, रस्त्याच्या कडेला.

दुकानदारानं दोन्ही सांगितले आणि निर्णय गिऱ्हाइकावर सोडला. अप्पासाहेब क्षणभरही थांबले नाहीत. "रन-फ्लॅट."

मी मधे पडले नसते. पण जुन्याच, म्हणजे रन-फ्लॅटच, टायरांवर त्यांनी काकूंना लालबागेभोवती एक चक्कर मारून आणली, आणि उतरताना काकूंना उतरताच येईना. त्यांच्या कंबरेचा मणका आधीच कामातून गेलेला. डॉक्टरांनी हादऱ्यांपासून जपा म्हणून बजावलेलं. मी आणि अप्पासाहेबांनी दोन्हीकडून धरून त्यांना आत नेलं. काकूंच्या ओठांचा रंग गेला होता. त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि भिंतीकडं वळल्या. मला इतका संताप आला, की मी अप्पासाहेबांना बाहेर बोलावून घेतलं.

"साधे टायर घाला," मी म्हटलं. "बरोबर पंक्चरचं किट ठेवा. डब्यातला चिकट द्रव टायरमध्ये सोडायचा, छोट्या पंपानं हवा भरायची, झालं काम. मोबाईल आहे, मदतीची गाडी येते, महेश्वरच्या रस्त्यावर दर चार पावलांवर ढाबा आहे. पंक्चर होईलच असं नाही. आणि काकूंची कंबर मात्र प्रत्येक खड्ड्याला मोडणार आहे."

"मॅडमजी, तुम्ही इंजिनियर आहात, तुमची बात बरोबर," ते म्हणाले. "पण मी सडकेवर थांबणार नाही."

"अर्धा तास थांबलात तर काय आभाळ कोसळेल?"

ते मग फाटकाच्या कट्ट्यावर बसले आणि बोलू लागले, आणि मी उभीच राहिले, कारण बसायचं मला सुचलंच नाही.

त्यांना एक मुलगी होती.

इतकी वर्षं मी ह्या घरात राहते. भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात नाव नाही, कधी एखादा सुस्कारासुद्धा नाही. मूलबाळ नाही असंच सगळी कॉलनी समजत होती. मुलीचं नाव पूर्वा. वर्षाची व्हायची होती. दिवाळीत तिघं गौतमपुऱ्याला अप्पासाहेबांच्या मामांकडं गेले होते. पाडव्याच्या संध्याकाळी तिथं हिंगोटाची लढाई असते: हिंगोट म्हणजे एक कठीण फळ, ते पोखरून आत बारूद भरतात, पेटवतात आणि दोन गाव समोरासमोर उभे राहून एकमेकांवर फेकतात. अप्पासाहेब तरुणपणी मामांच्या गावाकडून, तुर्रा संघातून लढायचे. त्या दिवशी पोरीला ताप होता, तो एकदम चढला. तिला झटके येऊ लागले.

"मला मैदानात खबर मिळाली, तसा मी निघालो," ते म्हणाले. "ढालसुद्धा हातातच होती. खात्याची जीप होती आपल्याकडं. पुढं मी एकटा, मागच्या सीटवर इंदिरा पोरीला घेऊन. इंदौरला आणायचं होतं. वाटेतलं देपालपूर गेलं आणि टायर बसला. उतरलो, स्टेपनी काढली, तर तिच्यात पण हवा नाही! सडकेवर एक माणूस नाही, मॅडमजी. सगळे दिवाळीत. एक ट्रक आला, तोवर टाईम निघून गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं." त्यांनी खिशातला गेज काढला, बघितला, परत ठेवला. "थोडी हवा. बस, थोडी हवा पाहिजे होती."

बनियनमधला तो गमतीदार म्हातारा, ज्याच्यावर आम्ही सगळे हसत होतो, तो चाळीस वर्षं शहरभर लोकांच्या चाकांत ती थोडी हवा शोधत हिंडत होता. मला स्वतःच्या हसण्याची शिसारी आली. तरी मी हट्ट सोडला नाही. माझा स्वभावच तसा. दुःख आपल्या जागी आणि मणका आपल्या जागी, असं माझं म्हणणं. भीतीपायी बायकोची कंबर मोडणं मला पटेना.

"काकू म्हणतील ते कराल?" मी विचारलं.

"ती म्हणेल ते," ते म्हणाले. "ती साधे म्हणाली तर साधे. पण तीच म्हणाली पाहिजे. दुकानवाल्याला आज सांगायचंय."

झालंच तर मग, असं म्हणून मी आत गेले. काकूंकडून एक शब्द काढायचा होता, आणि तो शब्द काय असणार ह्याची मला तिळमात्र शंका नव्हती. वेदनेनं माणूस शहाणं होतं अशी माझी समजूत.

काकू गरम पाण्याची पिशवी कंबरेला लावून टेकून बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. पूर्वाचं नाव घेताना माझी जीभ अडखळली, पण त्यांचा चेहरा हलला नाही. "काकू, तुम्ही फक्त साधे म्हणा," मी म्हटलं, "पुढचं मी बघते."

"रन-फ्लॅटच घालू दे," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, त्यांना नीट समजलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले: भिंत कडक, झटके जास्त. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला सगळं समजलंय, शर्वरी. दार लोटून घे आणि बस."

मी दार लोटलं.

"देपालपूर यायच्या आधीच गेली होती ती," काकू म्हणाल्या.

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला.

"माझ्या मांडीवर होती. आईला कळतं ते. आधी झटके थांबले, मग सगळंच थांबलं. हे पुढं गाडी पळवत होते, देवाचं नाव घेत होते. मी काही बोलले नाही. काय बोलणार? मग टायर बसला. हे उतरले, स्टेपनीला लाथा घालत होते, रडत होते, आणि मी मागच्या सीटवर तिला पदरात गुंडाळून बसले होते. थंड झाली होती ती. ट्रकवाल्यानं नेलं. डॉक्टर म्हणाले, आधी आणायला हवं होतं. हे म्हणाले, टायरनं मारलं. मी म्हटलं, हो."

"पण का?" मी विचारलं. "का नाही सांगितलंत?"

काकूंनी पिशवी सरळ केली. "ह्यांना वाटतं, खबर मिळाली तसे निघाले. ती दुसरी खबर होती. पहिली मी दिवस मावळायच्या आधी पाठवली होती, मामेसासऱ्यांच्या गड्याबरोबर. गडी परत आला, म्हणाला, अप्पासाहेब म्हणतात मैदान सोडून कसं येऊ, लढाई संपली की येतोच. संघातून निघून आलं तर लोक पाठ दाखवली म्हणतात ना. जगदाळ्यांच्या घराण्याला ते कसं चालेल?" आता कुठं त्यांच्या आवाजाला धार आली. "मी दारात उभी राहून पोरीला वारा घालत होते आणि तिकडं आभाळात हिंगोट उडताना दिसत होते. लोक टाळ्या पिटत होते. दुसऱ्या खबरेला हे आले. अंगाला बारुदीचा वास. तोवर व्हायचं ते होत आलं होतं."

"त्यांना पहिला निरोप आठवत नाही?"

"नाही. खरंच नाही. मी चेहरा बघितलाय ना रोज. पुसून गेलं ते. आणि मी आठवण करून दिली नाही. दिली असती तर हा माणूस त्याच महिन्यात विहिरीत सापडला असता. टायर तरी काय, रबर. शिव्या खाऊन घेतो."

मी काकूंचे पाय धरावेत की त्यांच्यापासून लांब सरकावं, मला कळेना. खरंच कळेना. चाळीस वर्षं रोज सकाळी त्या माणसाला चहा द्यायचा, त्याला गेज घेऊन बाहेर पडताना बघायचं, आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही! एवढी माया असते का कुणाच्या अंगात? की हा मायेचा प्रकारच नव्हता?

त्यांनी ते ओळखलं असावं. "मला मोठी समजू नकोस," त्या म्हणाल्या. "माफबिफ केलेलं नाही मी. ह्यांच्या मागे गाडीत बसायचं म्हटलं की मांडी जड व्हायची. म्हणून बसले नाही. एवढा एक राग मी माझ्याकडं ठेवून घेतला. आता थकले गं. ह्या गाडीला मागची सीटच नाही, म्हणून म्हटलं, जाऊ."

बाहेर अप्पासाहेब कुणाशी तरी फोनवर बोलत होते. दुकानदार असणार.

"आणि साधे टायर का नकोत, ते तूच विचार कर," काकू म्हणाल्या. "समज, वाटेत पंक्चर झालं. तू म्हणतेस तसं ते किट लावलं, अर्ध्या तासात गाडी चालू, कुणाला काही झालं नाही. हे घरी येऊन विचार करत बसतील. टायर बसला तरी माणूस मरत नाही, तर मग त्या दिवशी काय झालं होतं? आणि एकदा विचार सुरू झाला ना, की गडी आठवेल. तो काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, ते आठवेल. ह्या वयात? नको. माझी कंबर दुखते तेवढी दुखू दे."

मी इंजिनिअरिंग शिकवते. दोन टायरांची तुलना मुलांना फळ्यावर काढून दाखवते, बाण काढून. त्या फळ्यावर असलं काही लिहायची सोय नसते. मी उठले, दार उघडलं आणि बाहेर आले.

अप्पासाहेब फोन कानाला लावून उभे होते. भुवया उंचावून त्यांनी विचारलं.

"रन-फ्लॅट," मी म्हटलं.

"ती म्हणाली?"

"त्याच म्हणाल्या."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला तिथं उभं राहवेना. "बोललो होतो ना मॅडमजी!" ते मला म्हणाले, आणि मग फोनमध्ये ओरडले, "भिया, पक्कं. चारही रन-फ्लॅट!"

पुढच्या आठवड्यात ते निघाले. काकू नव्या निळ्या साडीत, कंबरेला डॉक्टरांचा पट्टा. गाडीत बसताना त्यांनी एकदा डोळे मिटले, तेवढंच. अप्पासाहेबांनी डोक्याला रुमाल बांधला होता आणि चारही चाकं आळीपाळीनं थोपटून झाली होती. मी फाटक उघडून धरलं. ते गाडीपाशी थांबले, माझ्याकडं वळले, आणि आवाज जरा खाली आणून म्हणाले, "मॅडमजी, हे टायर तेव्हा निघाले असते ना, तर आमची पूर्वा आज तुमच्याएवढी असती."

मी काकूंकडं बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं. त्यांनी माझी नजर घेतली नाही. त्या समोरच्या काचेतून सरळ रस्त्याकडं बघत होत्या.

"हो ना," त्या म्हणाल्या. आवाज इतका स्वच्छ, की मी नसते जाणत तर माझाही विश्वास बसला असता. "टायरनंच घात केला. अहो, चला आता, ऊन चढतंय."

अप्पासाहेबांनी डोळे पुसले, आत बसले, वाकून काकूंचा सीटबेल्ट नीट लावला आणि गाडी सुरू केली. कोपऱ्यावरच्या स्पीड ब्रेकरवर गाडी खाडकन आदळली. काकूंचं डोकं पुढं झुकलं, परत सरळ झालं, आणि मग त्यांनी हात उचलून अप्पासाहेबांच्या खांद्यावर ठेवलेला मला लांबून दिसला. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मी हात हलवत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं.